तेहेतीस रकाने

हिवाळ्यात शाई गोठते, म्हणून दौत
मी काखेत धरून बसते.
नवरा पाद्री. त्याचा हात कापतो,
म्हणून रेषा माझ्याकडे.
स्टॉकहोमहून आलेल्या नमुन्याबरहुकूम
आडवी वयं, उभी मरणं,
तेहेतीस रकाने.

देवी. गोवर. डांग्या खोकला.
बुडून. गोठून. लांडग्यानं.
राजाला म्हणे माणसं मोजायची आहेत,
उरली किती, आणि बाकीची का नाही उरली.

तो सांगतो, मी लिहिते.
मालिनचं पोर, सात आठवड्यांचं.
एल्साची जुळी, एकाच दिवशी.
नदीपलीकडच्या कुळाचं, नावाआधीच.
कशानं?
तो खिडकीबाहेर बघतो. "लिही, कळत नाही."
त्यालाही रकाना आहे, सगळ्यांत रुंद.
मीच रुंद आखते.

बर्फ फुटताना सुईण आली,
रेगिना लून्द, परीक्षा दिलेली,
लाखेची मोहोर असलेला परवाना छातीशी धरून.
गावच्या म्हाताऱ्या हसल्या :
पोर काय मोहोर बघून बाहेर येतं?
ती वाद घालत बसली नाही.
घराघरांत शिरली, खुंटीवरचं गाईचं शिंग उतरवलं,
ज्याच्या टोकाला आम्ही वाळवलेली सडाची कातडी बांधतो,
दूध ओततो, पाळण्यावर टांगतो
आणि गवत कापायला निघून जातो.
ते तिनं माझ्या नाकाशी धरलं.

आंबूस.
इतकी वर्षं मला तो
बाळांचा वास वाटायचा.

यंदा फर्मान आलं :
अंगावर न पाजता मूल गेलं, तर आईला दंड.
नवऱ्यानं ते देवळात वाचलं, खणखणीत.
बायका खाली बघत राहिल्या,
पहिल्या बाकावरून मीही.
गवताचे दिवस किती, घरात हात किती,
कुणी विचारलं नव्हतं.

रात्री जुनी वही काढली.
युस्तिना, पाद्र्याची लेक, पाच महिने.
कारण : कळत नाही.
अक्षर माझंच. वळणदार.
एक थेंबही कुठे सांडलेला नाही.

आज नवा कागद आखायला घेतला.
तो शेवटचा रकाना
बोटाएवढा ठेवला.
नवरा म्हणाला, एवढ्यात मावायचं नाही.
म्हटलं,
मावू नये.