झिगुर्दसचं खुरपं

मार्च संपत आला तरी गाउया नदीवर बर्फ असतो.
पॉपी तेव्हाच पेरायची.
बियाणं कसलं, खसखशीहून बारीक काळी धूळ,
चिमटीत मावणारा सबंध जुलैचा ऐवज.
पांढऱ्यावर टाकलं की दिसतं, कुठे पडलं आणि कुठे राहिलं.
पुढचं वितळणारा बर्फ बघतो,
हलकेच खाली नेऊन ठेवतो,
मातीआड नाही, मातीवर.
पुरलं तर रुसतं.
डोळा उघडायला त्याला उजेड लागतो.

चाळीस वर्षं मी औषधाच्या दुकानात
मिलिग्रॅम मोजले, श्वास रोखून.
आयुष्यात न मोजता टाकलं ते एवढंच.

तेही पहिल्याच वर्षी.
मग त्यांचं त्यांनी पाहिलं.
बोंडाला झाकण, झाकणाखाली इवल्या खिडक्यांची रांग,
वारा आला की मिठाच्या डबीसारखं शिंपडत राहतं,
बटाट्याच्या सरीत, पायरीच्या फटीत,
आणि कुंपणापलीकडे, झिगुर्दसच्या कांद्यांत.

झिगुर्दस रेल्वेत होता, रूळ तपासायचा.
दोन रेषा कधी भेटता कामा नयेत
हे त्याच्या हाडांत मुरलेलं.
कांदे दोरीत, गाजरं दोरीत,
बायको गेल्यावर तिच्या कपबशाही फळीवर दोरीत.
त्याला ही लाल गर्दी कशी खपावी?
"विज्मा, तुझी पोरं पुन्हा इकडे आलीत!"
"हाकल की मग."
तो हाकलायचा.
बर्फ गेला की खुरपं घेऊन गुडघ्यांवर,
खरवडून, उलथून,
माती पोटभर ऊन खाईल अशी मोकळी करून.
जुलैत दुप्पट.

मला ठाऊक होतं. सांगितलं नाही.
की ती खुरप्याचीच वाट बघतात,
वर्षानुवर्षं अंधारात पडून राहतात,
कुणी छप्पर उचलेपर्यंत.
अकरा वर्षं तो त्यांची मशागत करत होता,
शिव्या देत.
संध्याकाळी कुंपणावरून जिऱ्याचं चीज पुढे करायचा,
आणि तक्रारीच्या सुरात सांगायचा,
"आज दोनशे चौदा."
तक्रार करायची म्हणून कुणी इतकं नीट मोजतं?

मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात तो पायरीवर घसरला.
खुबा मोडला.
आधी वालमिएराचं इस्पितळ,
मग लेकीकडे, लिएपायाला, समुद्राकाठी.
त्या वसंतात त्याच्याकडे कुणी खुरपलं नाही.
वाफ्यांवर गवत चढलं, मऊ, एकसलग,
बंद घरातल्या खुर्च्यांवर चादर टाकतात तसं.
जुलैत माझ्याकडे लालच लाल.
कुंपणापलीकडे एक नाही.

फोनवर त्याने आधी छपराचं विचारलं, मग मांजराचं.
मग जरा थांबून,
"किती आलीत?"
माझी जीभ टाळ्याला चिकटली.
"मोजून सांगते," म्हटलं,
आणि सांगितलंच नाही.

यंदा बर्फ गेल्यावर मी कुंपणाची सैल फळी सरकवली.
चौऱ्याहत्तराव्या वर्षी गुडघे टेकणं म्हणजे
उठायची हमी नाही.
त्याचंच खुरपं घेतलं, मूठ त्याच्या हाताने झिजलेली,
माझ्या हाताला मोठी.
गवताची चादर ओढली.
बी टाकलं नाही. शपथेवर सांगते, एक कण नाही.
खाली होतंच.

जुलैच्या नऊ तारखेला झिन्त्राची गाडी आली.
तो उतरला, काठी टेकत, घरात न जाता सरळ मागे.
सकाळचे सात.
कळ्यांनी केसाळ माना नुकत्या उचललेल्या,
हिरव्या टोप्या पायाशी पडलेल्या,
आणि पाकळ्या, पेटीतून आत्ता काढलेल्या
बिनइस्त्रीच्या सदऱ्यासारख्या, चुरगळलेल्या, ओलसर.

बराच वेळ बघत राहिला.
"खुरपं कुणी चालवलं?"
मी कुंपणाशी, फळी हातात.
"वाकडं चाललंय," तो म्हणाला. "सगळं वाकडं."

मग काठीचं टोक उचलून, ओठांतल्या ओठांत,
एक. दोन. तीन.
घाई होती त्याला.
दुपारच्या वाऱ्याला पाकळ्या राहत नाहीत.