वरचं

आमच्या आप्पांच्या खिशाला बडीशेपेचा वास यायचा.
निपाणीत, जुन्या स्टँडसमोरच्या हॉटेलात
एकतीस वर्षं त्यांनी टेबलं पुसली,
गिऱ्हाइकाशी मराठीत, भटारखान्याशी कन्नडात:
येरड चा, वंद उप्पीट, शेव जरा जास्त घाल रे.
रात्री खिसा उलटा करून सतरंजीवर ओतायचे
चार आणे, आठ आणे, मधेच एखादा रुपया,
आणि नाण्यांना चिकटलेले हिरवे दाणे
मी वेचून खायची.

त्यांना माणसं बशीवरून कळायची.
तंबाखूचा सौदा जमलेला अडत्या दोन ठेवतो,
बुडालेला तीन ठेवतो, कारण बाजूचे बघतायत.
मास्तर लोक मोड मोजून घेतात, पण गाव विचारतात.
एक वकील नोट नेमकी सांडलेल्या चहात ठेवायचे;
आप्पा ती खिडकीच्या गजावर वाळत घालायचे
आणि म्हणायचे, ओली असली तरी चालतीच की.

आई विड्या वळायची.
हजाराचा हिशेब. कारखान्यात मुकादम
जुडीवरून नुसतं बोट फिरवायचा आणि छाट काढायचा,
ही सैल, ही आखूड, ही अशीच.
एखादी विडी देखणी झाली म्हणून
कधी कुणी तिला पैसा जास्त दिला नाही.
"तुझ्या आप्पाला वरचं मिळतंय," ती म्हणायची,
"माझं आतलंच काढून घेत्यात."
आप्पा यावर बोलत नसत.
नाणी मात्र जरा हळू वाजवत.

मी शिकले, तालुक्याच्या कचेरीत चिकटले.
तिथे वरच्याला चहापाणी म्हणतात.
ते कामाच्या आधी येतं, पाकिटात,
दोन्ही हातांनी, मॅडम मॅडम करत.
जो खरोखरच चहा आणि पाणी आणतो
त्याचं मागनं, उठता उठता,
दोन बोटांनी, भलतीकडे बघत.
मी घेतलं का, ते इथे लिहीत नाही.

परवा त्याच हॉटेलात बसले.
गल्ल्यावर चौकोनी कोड, बशीत नुसती बडीशेप.
शेजारच्या टेबलानं एकशे सत्तेचाळीस रुपये
वर ना खाली, नेमके पाठवले.
मशीन कन्नडात मोठ्यानं बोललं.
माणूस काही न बोलता गेला.
मी बशीत पन्नासाची नोट ठेवली
आणि चोरी केल्यासारखी झटकन उठले.

रिक्षाजवळ पोचते तोवर मागनं चपलांचा आवाज.
बाळेश, हुक्केरीकडचा, एकोणीस-वीसचा,
धापा टाकत: अक्का, तुमचं पैसं राहिलं.
इतकी आता कुणी ठेवतच नाही,
विसरलेलीच असणार.
"ठेव," मी म्हणाले.
तो शब्द ओळखीचा वाटला;
आप्पांच्या अंगावर असाच पडायचा, वरून.
मग म्हणाले, "ठेवा."
त्यानं मागं वळून पाहिलं, कुणाला म्हणते ते.
मग दाराच्या कॅमेऱ्याकडे.
"शेटजींना सांगू का, तुम्हीच दिलाय म्हणून?"
सांग, म्हटलं. सांगा.

घरी येऊन आईला सांगितलं, जरा रंगवूनच.
ब्याऐंशीची आहे, कारखाना सुटून वीस वर्षं झाली,
तरी अंगठा बोटावर फिरतच असतो,
पानाशिवाय, दोऱ्याशिवाय.
मला वाटलं, आप्पांची आठवण काढेल,
डोळ्याला पदर लावेल.
"पन्नास," ती म्हणाली, आणि अंगठा थांबला.
"आनि आत मोरीत बशा धुतोय,
त्या पोराला?"