बोट सुटण्याआधी

बोट उद्या चारला सुटणार.
आजचा दिवस फुकटचा, ग्लेनिस म्हणाली,
आणि आम्ही साउथॅम्प्टनहून सॉल्झबरीची गाडी धरली,
पिशवीत थर्मास, फॉइलमध्ये चीज-लोणच्याचे सँडविच,
कारण कॅथीड्रलच्या कॅफेत चहा महाग
आणि वर कोमट.

"तुला बोट लागते का गं, हेस्टर?"
आता कसं सांगू?
शाळेच्या भटारखान्यात बावीस वर्षं
आम्ही दोघींनी कस्टर्ड ढवळलं,
लाट म्हणून मी पाहिली ती त्या पातेल्यातली.
एकदा फेरीने वाइट बेटावर गेले होते, नऊ वर्षांची,
पण ओकला होता तो माझा भाऊ.

ती हसली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच, असं लिहिलं
तर शोभून दिसेल, पण खोटं होईल.
ती मयताच्या दिवशीही हसली होती,
पाद्र्याने ॲल्विनला ॲल्बर्ट म्हटलं तेव्हा.

कॅथीड्रलचा कळस सव्वादोन फूट कललाय म्हणतात.
आम्ही माना मोडून पाहिलं.
मला सरळ दिसला.
तिला माझीच मान वाकडी दिसली.

आत, भिंतीशी, एक लोखंडी पिंजरा:
दातेरी चाकं, दोर, दगडाची वजनं.
"हे घड्याळ," गळ्यात पट्टा घातलेले आजोबा म्हणाले,
"सहाशे वर्षांहून जुनं."
ग्लेनिस मागच्या बाजूला जाऊन आली.
"तोंड कुठंय ह्याचं?"
"तोंड नाहीच. नुसते टोले द्यायचं."
"मग लोक बघायचे कुठे?"
"बघायचे नाहीत, बाईसाहेब. ऐकायचे."

किती वाजले, हा मुळात कानाचाच प्रश्न.
डोळे त्यात मागाहून घुसले.

हिरवळीवर सँडविच उघडताना ती म्हणाली,
"तो गेला तेव्हा किती वाजले होते
मी पाहिलंच नाही.
नर्सने पेन काढून विचारलं.
मी म्हटलं, सव्वासहा.
काहीतरी सांगायला हवं होतं ना.
आता सगळ्या कागदांवर सव्वासहाच आहे."

मी लोणच्याचं बोट पुसत राहिले, खूप वेळ.
एक करड्या मानेचा कावळा
आमच्या पावाच्या कडा मोजत होता.

संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत सामानाच्या चिठ्ठ्या.
बुकिंग त्याने केलं होतं, दीड वर्षापूर्वी,
नॉर्वेचं, बाल्कनीसकट.
तिकिटावरचं नाव कंपनीने बदललं, पन्नास पौंड घेऊन;
चिठ्ठ्या मात्र त्याने आधीच छापून
पासपोर्टांच्या खणात ठेवल्या होत्या.
"नव्या छापून घेऊ," मी म्हटलं, "इथे प्रिंटर आहे."
"घेऊ," ती म्हणाली,
आणि काउंटरवरचा स्टेपलर मागून घेतला.
ठक्. ठक्.
माझ्या निळ्या बॅगेच्या मुठीला:
मि. ए. प्रिचर्ड, आठवा मजला.

काउंटरमागच्या ओलुमिदेने आधी चिठ्ठीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.
"साहेब मागून येतायत का?"
"नाही," ग्लेनिस म्हणाली,
"ते पुढे गेलेत."
त्याने स्टेपलर परत घेतला,
जपून, पिना आतच ठेवून.

रात्री खिडकीतून ती दिसली,
दिवे लागलेलं हॉस्पिटल कुणी पाण्यावर
आडवं सोडून द्यावं, तशी.
मी पडदा ओढला.

पहाटे, अंधारातच, तिने हाक मारली.
"हेस्टर, किती वाजले?"
मोबाइल उशाशी होता, पालथा.
मी तो उलटा केला नाही.
भिंतीतल्या पाइपात कुणाचं तरी पाणी खळखळलं,
बंदरावर एक सीगल ओरडला.
"अजून वाजले नाहीत," मी म्हटलं, "झोप."

बराच वेळ काही नाही.
मग तिच्या पलंगावरून:
"आणि मला बोट लागली तर?"
"लागली तर त्याच्या नावाने बोटं मोडू.
बुकिंग त्याचंच आहे."