काट्यापाशी

शस्त्रक्रियेच्या खोलीतून तुकडा वर आला,
शेंगदाण्याएवढा, ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा.
डबीवर मी लिहिलं: म. शे., ५८, हमाल, गंजगोलाई.

कूर्चेत रक्त पोचत नाही. मज्जातंतू नाही.
दुखलं तरी ती कळवणार कुणाला?
एकेक पेशी आपल्या खोलीत एकटी,
भिंती तिच्याच हातच्या,
शेजारीण जन्मात दिसत नाही.
बाहेरचं तिला एकच कळतं, दाब.

मी दट्ट्या खाली आणते.
सेकंदभर दाब, सेकंदभर सूट. चालल्यासारखं.
पेशीच्या पडद्यातली इवली दारं उघडतात,
कॅल्शियम आत धावतं
आणि ती कामाला लागते:
कोलॅजेनचे दोर वळते,
पाणी धरून ठेवणारे ॲग्रीकॅनचे झुपके रचते,
झिजलं तेवढं भरून काढते.

मग दुसरी बशी.
दाब तेवढाच. सूट नाही. चार तास.

आता ती जे प्रथिन घडवते
ते कात्री असतं.

रात्री फिल्मवर कात्रीचे पट्टे उमटले,
पहिल्या बशीचे पुसट,
दुसरीचे काजळाच्या बोटासारखे.
लाईट गेली होती. इन्व्हर्टरवर फक्त उबवणपेटी चालू.

टाके काढायला आलेले मैनोद्दीन वर आले,
हात पाठीमागे बांधून डबीत डोकावले.
‘हे माजं?’
‘तुमचंच.’
‘जितं हाय अजून?’
‘आहे.’
मी म्हटलं, चाळीस वर्षं एवढं वजन उचललंत, म्हणून.
त्यांनी मान हलवली.

‘वजनाचं काय नाही ओ मॅडम.
चालताना पोतं पाय उचलून देतंय.
काट्यापाशी थांबायचं ते वंगाळ.
अडत्या अन् गिऱ्हाईक भावावरनं भांडायलेत,
अन् मी तूर पाठीवर घेऊन
दोघांच्या मधी.’

दुसऱ्या बशीबद्दल मी त्यांना काही बोलले नव्हते.

वहीत ‘पद्धत’ या मथळ्याखाली ओळ होती:
स्थिर भार, चार तास.
पेन उघडं ठेवून मी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले.
किती तास, हे विचारायचं राहिलंच.

यंत्रावर आता दुसऱ्या बशीचीच पाळी होती.
ते जिना उतरेपर्यंत मी कळ दाबली नाही.
एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कठडा धरून
ते उतरत होते
आणि मी मोजत होते,
दाब, सूट,
दाब.