मध न खाणारं घर

आमच्या घरात मध कधी आला नाही.
खोकल्याला आलं आणि गूळ,
बाळाच्या जिभेवर पहिलं बोट काकवीचं.
एका थेंबात सात गावं जाळल्याचं पाप,
मामंजी म्हणायचे.
पाणी गाळून पिणारं घर,
दिवस कलायच्या आत ताटं धुऊन पालथी घालणारं.

गोठ्यामागच्या चिंचेला आग्यामोहळ असायचं,
म्हशीच्या कातड्याएवढं.
मामंजी तिथनं जाताना खोकलासुद्धा दाबायचे.
पलिते घेऊन मध काढणारे आले
तर त्यांना भाकरी बांधून द्यायचे, वर म्हणायचे,
"आमच्या झाडाला धूर नको."

आता पहाटे साडेपाचला
मी वही घेऊन बांधावर उभी राहते.
हौसाक्का. मालन. दत्तवाडच्या दोघी जावा.
रेश्मा नदाफ, आज उशिरा.
माणशी तीनशे, चहा वेगळा.
भोपळ्याची फुलं नऊच्या आत मिटायला लागतात.
त्याआधी नर फूल खुडायचं,
पाकळ्या सोलायच्या केळ्याच्या सालीसारख्या
आणि मधली पिवळी कांडी
मादी फुलात फिरवायची, हलक्या हातानं, तीनदा.
"आज किती लग्नं लावली गं मी?" हौसाक्का विचारते,
"आन् एकाचं बी जेवण न्हाई!"
हसतात सगळ्या. बोटं पिवळी.
मी लिहिते : ओळी चौदा.

जी राहून जाते
तिच्या बुडाशी बोराएवढा भोपळा आधीच असतो.
तिसऱ्या दिवशी तो पिवळा पडतो,
चौथ्या दिवशी बोटात विरघळतो.

उसाला यातलं काही लागत नाही.
कांडं पुरलं की उगवतो.
नदीपर्यंत ऊस, चारी बाजूंनी,
दोन सऱ्या वाढाव्यात म्हणून बांध नांगरला,
त्यात कारळ्याची रांग गेली, हादगा गेला.
गुऱ्हाळ होतं तेव्हा माशा काहिलीवर यायच्या.
नवी सून मी, झाऱ्यानं मळी काढताना
मळीबरोबर त्याही निघायच्या, चकाकत.
मामंजी तोंड फिरवायचे.
गूळ कोल्हापूरला सौद्यात जायचा,
पहिल्या प्रतीचा.

चिंच कुणी तोडली नाही.
मोहळ कुणी पाडलं नाही.
मावा आला त्या साली
मामंजींनीच पंप पाठीवर घेतला,
सकाळी आठला, ऊन वाढायच्या आत.
फुलं उघडी होती.
दुपारी हौदाचं पाणी गाळताना
फडक्यात तीन माशा निघाल्या,
एकीचे पाय अजून हलत होते.
ती त्यांनी तळहातावर घेतली,
उन्हात नेऊन ठेवली,
णमोकार म्हटला, पुटपुटत.
कोपऱ्यातल्या बाटलीकडे त्यांचं लक्ष गेलं का
मला माहीत नाही.
मी विचारलं नाही. पंप धुऊन ठेवला.

यंदा श्रेणिकनं पेट्या आणल्यात भाड्यानं,
बाजारभोगावकडच्या माणसाच्या. दहा पेट्या, दीड महिना.
"मग आमचं काय?" हौसाक्का म्हणाली.
यावर माझ्या वहीत रकाना नव्हता.

हंगाम संपला तसा तो माणूस पेट्या न्यायला आला.
टेम्पो रात्री येणार होता,
अंधार पडून सगळ्या आत आल्यावर.
चहा प्याला आणि ओट्यावर बाटली ठेवून गेला,
तुमच्याच फुलांचा आहे म्हणाला.
कुठं ठेवायची? देवघराच्या बाजूला नाही,
स्वैपाकघरात नाही.
दोन तास ती गोठ्याच्या कोनाड्यात.

मामंजी ऐंशीच्या पुढं, काठी टेकत गेले.
बाटली उजेडात धरली.
पलीकडची चिंच त्यातनं बघितली असावी,
कारण बराच वेळ धरली.
मग माझ्या हातात दिली.
"त्यांचं त्यांना पोचव."

ताटं धुऊन झाली होती.
पेट्यांपाशी गेले.
शेवटच्या चार-दोन परतत होत्या,
फळीवर उतरून आत जात होत्या.
मी झाकण उघडलं,
आणि कुठून द्यायचं
ते मला कळेना.