तिसरी तार सोडून

मडगावात, जुन्या बाजारामागे, शिंप्याच्या डोक्यावर
काजितानचं दुकान. जिना इतका अरुंद
की ड्रम खिडकीतून दोरानं चढवतात.
सुलक्षा पुढं, मी मागं.
तिच्या पिशवीत आठ हजार सहाशे रुपये,
दोन चवथींना रानभर फिरून
कांगलं, कवंडळं, सुपारीचे शिपटे
माटोळीसाठी विकून जमवलेले.
"एवढ्यात हार्ड रॉक वाजेल ना, काका?"
म्हटलं, लाकडाला किंमत वाचता येत नाही. बघू.

सोळा वर्षं मी लग्नांत गिटार वाजवली,
दिवसा खाणीच्या वर्कशॉपात टिपर दुरुस्त केले,
आणि एका टिपरच्या पट्ट्यानं
डाव्या हाताची दोन बोटं ठेवून घेतली.
तेव्हापासून पोरं मला दुकानांत नेतात,
जनावर बघायला जाणता माणूस नेतात तसं.

काजितान आधी काळी उतरवतो. टोकदार, शिंगांची.
"मेटलवाले हीच घेतात."
शिंगं बघून म्हैस घ्यायची नसते.
मी कोपऱ्यातली लाल मागितली,
चिठ्ठीवर नऊ हजार, चिठ्ठीवर धूळ.
मान डोळ्याशी धरली, खिडकीकडे रोखून,
शाफ्टचा बाक बघायचो तशी.
किंचित पोट. हवं तेवढंच.
कडेनं अंगठा फिरवला, फ्रेटची टोकं
तारल्याच्या काट्यासारखी खरचटली.
ते कानशीचं काम, रविवारची एक दुपार.

अ‍ॅम्प लावला. सगळ्यात जाड तार
आणखी एक स्वर खाली उतरवली.
"तू धर."
तिचा डावा हात, माझा उजवा. गेन पुरता उघडा.

आणि टिपर सुरू झाले.
रिवणच्या रस्त्यावर पहाटे चारला
लाल धुळीत रांगेनं घुरघुरायचे ते,
ज्यांच्यामुळे फळीवरचे पेले आपोआप सरकायचे.
खाली शिंप्याचं यंत्र थांबलं.

मी चिखल शोधत होतो.
स्वस्त पिकअपमधून तिन्ही तारा
एकाच गोणीत कोंबल्यासारख्या बाहेर पडतात.
इथं तिघी धक्काबुक्की करत होत्या, पण
प्रत्येकीला नावानं हाक मारता आली असती.

मग तारांवर तळहात टाकला.
आवाज काय, कुणीही करतं.
दोन धडकांमधली जागा कोरडी आहे का, ते बघायचं.
तिथं वाईट गिटार शिट्टी मारते, कुरकुरते,
उंबऱ्यात अडलेल्या पाहुण्यासारखी बोलतच राहते.
ही गप्प झाली.
खाणी बंद पडल्यावर गाव गप्प झालं, तसं नाही.
कुणीतरी मुद्दाम श्वास धरला, तसं.

"आता तार ताणून सोड."
पाच जणी घरी परतल्या. तिसरी
वाटेत कुठंतरी रेंगाळली.
(खाचेत पेन्सिलीचं शिसं घासलं की येते ती.
हे मी दुकानात बोललो नाही.)
तोंड वाईट केलं. काजितानला
ती तिसरी तार चारदा ऐकवली,
खरखरणारा नॉब दोनदा,
आणि भिंतीवरच्या चाळीस हजारवालीकडे
हपापल्यासारखा बघत राहिलो,
जिची मान पिळलेली आहे
हे मला जिन्यातूनच दिसलं होतं.

"सात आठशे," काजितान म्हणाला. "पिशवी देणार नाही."
नोटा मोजताना त्यानं वास घेतला.
"हळद?"
"आंबेहळद," सुलक्षा म्हणाली.

कुडचड्याच्या बसमध्ये तिनं ती मांडीवर उभी धरली,
खताच्या गोणीत, मान तेवढी बाहेर.
कंडक्टरनं विचारलं, "हाचें तिकीट?"
"अर्धं," तिनं न हसता सांगितलं.
केप्याच्या चढावर गाडीनं गियर बदलला
आणि जाड तार आपली आपण
गोणीत थरथरली.
सुलक्षानं वरून तळहात ठेवला.
मी बाहेर बघत होतो.
केबल घ्यायची राहिली होती.