दुसरी तार

बेटावदला समुद्र म्हणजे
शाळेच्या भिंतीवरच्या नकाशातला निळा ऑइलपेंट,
तोही पोपडे धरलेला.
पांझरा डिसेंबरातच गुडघ्याखाली.

नौदल दिनाला सुट्टीवर आलेल्या आबांना बोलावलं.
एकोणीस वर्षं जहाजावर, बंदुकीला कधी हात नाही.
त्यांचं काम तारांचं.
डेकवर आडव्या पोलादी तारा,
विमानाच्या शेपटीचा आकडा त्यांत अडकला पाहिजे,
जमलं तर दुसऱ्या तारेत, मधल्या.
मग ते थांबतं
एसटी थांब्यापासून हिलालच्या तेलघाण्यापर्यंत,
एवढ्यात.
"आनि नही अडकनं तं?" मागच्या बाकावरून भटू.
"म्हणून तर," आबा म्हणाले,
"चाकं टेकताक्षणी पायलट इंजिनाला सगळा जोर देतो.
थांबायचं असतं, नेमकं तेव्हाच.
तार चुकली तर परत उडता यावं."
मुलं हसली. मास्तरांनी वहीत लिहून घेतलं.

चहाच्या टपरीवर वेगळे प्रश्न.
ते एकटं जातच नाही, आबा सांगत होते,
बाजूंना विनाशिका, खाली पाणबुडी, मागून तेलाचं जहाज.
"म्हंजे वरातच!"
"वरातीत नवरदेवावर कोणी टपलेलं नसतं."
"ऱ्हास कधीमधी," झिपरूभाऊ म्हणाले.
मग कोणीतरी हिशेब काढला:
एका जहाजात पांझरेवर बंधारे किती.
आबांनी बशीतला चहा संपवला.
उत्तर त्यांच्याकडे होतं की नव्हतं,
मला अजून ठाऊक नाही.

ट्रंक ओसरीवरच असायची, कुलूप तसंच.
पहाटे खळ्यात मान खाली घालून चालायचे,
खिळा, खडा, शर्टाचं बटण,
सापडेल ते खिशात.
इंजिनानं एक कंकर गिळला की संपलं.
आई भाकरी थापता थापता म्हणाली,
"तुम्ही बी असाच येतस घर.
पुरा जोर लाईसन."

आता कायमचे आलेत.
अंगणात लिंबापासून खांबापर्यंत
कपडे वाळत घालायला तार बांधलीय.
रोज संध्याकाळी तिला टिचकी मारतात,
कान लावतात,
पान्यानं पाव आटा आवळतात.
दर शनिवारी ग्रीस.
आईच्या लुगड्यावर काळी रेघ उमटते.
ती धुते,
त्याच तारेवर टाकते.